स्मार्ट ग्रिडच्या प्रतिकृतीत काय नसते?

विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला वरचेवर येतो. ज्वालामुखी, जलशुद्धीकरण, ठिबक सिंचन या जुन्या मंडळींच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एक नवी प्रतिकृती हमखास दिसू लागली आहे. पुठ्ठ्याची दहा-बारा घरे, त्यांच्या छपरांवर छोट्या सौरपट्ट्या, एका कोपऱ्यात खेळण्यातल्या मोटरीची पवनचक्की, रस्त्याच्या कडेने इवलेसे दिवे आणि मधोमध एक सर्किट बोर्ड. विद्यार्थी मोबाइलवर बोट टेकवतो, एका घरातला दिवा लागतो. पुन्हा टेकवतो, तो विझतो. वर पाटी असते : ‘स्मार्ट ग्रिड’.

या प्रतिकृतीमागचे कष्ट आम्ही नाकारत नाही. डाख देण्याचे काम नीट झालेले असते, प्रोग्रॅमही विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला असतो (निदान बऱ्याच वेळा), आणि बक्षीसही या मंडळींना बहुधा मिळते. आम्हीही ते दिलेले आहे. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारून पाहतो. ढग आले आणि वारा पडला, तर काय होईल? उत्तर ठरलेले : ‘सर, बॅटरी आहे.’ आणि सगळ्या घरांतले दिवे एकदम बंद केले, तर? यावर विद्यार्थी गोंधळून आमच्याकडे पाहतो. दिवे बंद केले तर दिवे बंद होतील, आणखी काय व्हायचे?

नेमके इथेच आमचे म्हणणे सुरू होते. या प्रतिकृतीत वीज तयार करणे आहे, वापरणे आहे, दुरून चालू-बंद करणे आहे. ज्या एका गोष्टीमुळे विजेच्या जाळ्याला जाळे म्हणायचे, तो क्षणाक्षणाचा तोल मात्र तिच्यात कुठेच नाही. आणि हा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नव्हे. वर्तमानपत्रांतले लेख, सरकारी जाहिराती, गटचर्चेसाठी छापलेली टिपणे यांतूनच तो त्यांच्यापर्यंत आलेला आहे. ‘वीज टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्यासारखी असते’ हे वाक्य वर्गात आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा उच्चारले आहे. विद्युतप्रवाह आणि विभवांतर समजावण्यापुरती ही उपमा ठीक आहे. जाळे समजावताना ती दगा देते, कारण जाळ्यात टाकी नसते.

टाकी नसते म्हणजे काय, हे पाहण्यासाठी सायकलचा डायनामो पुरेसा आहे. सायकल उलटी करून एकाने पेडल फिरवावे आणि दुसऱ्याने डायनामोला एकापाठोपाठ एक दिवे समांतर जोडावेत. प्रत्येक नव्या दिव्यागणिक पेडल जड होते. फिरवणाऱ्याने जोर वाढवला नाही तर चाक मंदावते आणि सगळेच दिवे मंद होतात. उलट, जोर तसाच ठेवून चारपैकी तीन दिवे काढले, तर चाक भरधाव सुटते. औष्णिक केंद्रातील जनित्राचे साधारण असेच असते. तिथे दोन ध्रुवांचा अवजड रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50. आणि म्हणून आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ. मागणी वाढली आणि वाफ तेवढीच राहिली, तर जादा ऊर्जा येते ती या फिरत्या वस्तुमानाच्या गतिज ऊर्जेतून. रोटर किंचित मंदावतो, वारंवारता 49.9 होते. मागणी घटली की ती 50.1 होते. एवढ्या एका आकड्यात अख्ख्या देशाचा जमाखर्च दिसतो.

अख्ख्या देशाचा, हे शब्दशः घ्यावे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एका लयीत आले. तेव्हापासून मुख्य भूमीवर कुठेही, जळगावच्या वर्गात असो की कोचीच्या कारखान्यात, स्थिर अवस्थेत वारंवारता एकच असते. मोबाइल नको, इंटरनेट नको. मापकावर आकडा पाहिला की साऱ्या जाळ्यात आत्ता वीज कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे कळते.

आणि याच आकड्याचा उपयोग करून भारताने एक खरोखर हुशार व्यवस्था फार पूर्वी उभी केली होती, ती मात्र ‘स्मार्ट ग्रिड’वरच्या लोकप्रिय लेखांत आम्हांला क्वचितच भेटते. 1990 च्या दशकात आपल्याकडची वारंवारता लहरीप्रमाणे खाली-वर होत असे. टंचाईच्या वेळी राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत, आणि रात्री मागणी पडली तरी केंद्रे उत्पादन कमी करायला तयार नसत, कारण तसे करण्यात कोणाचाच फायदा नव्हता. जुलै 2002 पासून पश्चिम विभागात, म्हणजे आपल्याच भागात, उपलब्धतेवर आधारित दरपद्धती सुरू झाली; पाठोपाठ इतर विभागांत. तिच्यातली युक्ती अशी : प्रत्येक राज्याने आणि केंद्राने दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक आधी द्यायचे आणि त्यापासून जेवढे ढळाल त्याचा दर त्या वेळच्या वारंवारतेवरून ठरायचा. वारंवारता 50.5 असेल तर दर शून्य, 49 पर्यंत घसरली तर सर्वांत महाग. टंचाईत जास्त ओढणाऱ्याला चटका बसू लागला, कमी ओढणाऱ्याला पैसे मिळू लागले. वारंवारता सुधारली. पुढे या पद्धतीतल्या पळवाटाही दिसल्या. काही राज्ये तिलाच बाजारपेठ समजून उचल करू लागली, म्हणून मर्यादा वरचेवर आवळाव्या लागल्या. पण घराघरांत एकही नवा मीटर न बसवता, केवळ भौतिकशास्त्रातल्या एका राशीला किंमत जोडून, राज्यांच्या वागण्यात फरक पाडता आला. ‘स्मार्ट’ हा शब्द वापरायचाच असेल, तर आम्ही तो आधी इथे वापरू.

तोल सांभाळणे म्हणजे काय, याचे एक ठळक उदाहरण तर आपण सर्वांनी घरी बसून पाहिले आहे. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवण्याचे आवाहन झाले होते. ‘दिवे बंद केले तर दिवे बंद होतील’ या समजुतीची ती देशव्यापी परीक्षाच होती. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने घटेल असा जाळे चालवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती 31 हजार मेगावॉटच्या आसपास घटली, आणि तीही काही मिनिटांत. नवानंतर ती तेवढ्याच घाईने वर येणार होती. औष्णिक केंद्रांना इतक्या झटपट वर-खाली करता येत नाही. बाष्पकाला आपली गती असते. म्हणून आधीपासून औष्णिक उत्पादन खाली आणून जलविद्युत चढवून ठेवली गेली, आणि नऊच्या सुमारास ती 25 हजारांवरून 8 हजार मेगावॉटपर्यंत उतरवून पुन्हा वर नेली गेली. वारंवारता 49.70 ते 50.26 या मर्यादेत राहिली. त्या रात्री भार प्रेषण केंद्रांत बसलेल्या माणसांनी, धरणांच्या पायथ्याशी झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्यांनी जे केले, ते प्रतिकृतीत कसे दाखवायचे हा खरा आव्हानाचा विषय आहे. मोबाइलने दिवा लावणे नव्हे.

आता अपारंपरिक ऊर्जेकडे वळू. इथे आमची तक्रार आकड्यांविषयी आहे. 2025 च्या जून महिन्याअखेर भारताची स्थापित विद्युतक्षमता सुमारे 485 गिगावॉट झाली आणि तिच्यातला निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल यांच्याखेरीजच्या स्रोतांचा, म्हणजे सौर, पवन, जल, अणू वगैरेंचा झाला. ही बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण बऱ्याच ठिकाणी ती ‘आता देशाची निम्मी वीज स्वच्छ’ अशा अर्थाने वाचली गेली, आणि शाळेच्या फलकावरही तशीच लिहिली गेली. ते चूक आहे. क्षमता आणि ऊर्जा, मेगावॉट आणि युनिट, यांतला फरक आपण इयत्ता दहावीत शिकवतो आणि बातमी वाचताना विसरतो. एक मेगावॉटचा सौरप्रकल्प वर्षभर अहोरात्र पूर्ण शक्तीने चालला असता, तर 87 लाख 60 हजार युनिटे मिळाली असती. सूर्य तसा चालत नाही. आपल्याकडे साधारण 15 लाखांच्या आसपास मिळतात. म्हणून क्षमतेचा वाटा निम्मा असूनही त्या काळात देशातल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या वर वीज कोळशातूनच येत होती. हे गणित फळ्यावर करायला दहा मिनिटे लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. सौरवीज दुपारी भरपूर असते आणि संध्याकाळी, घरोघरी दिवे-पंखे लागण्याच्या वेळी, मावळते. म्हणजे सूर्यास्ताच्या तासा-दोन तासांत बाकीच्या केंद्रांना दुहेरी चढ चढावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या जाळ्याच्या चालकांनी 2013 मध्ये याचा आलेख काढला, तो बदकासारखा दिसतो म्हणून त्या नावानेच प्रसिद्ध झाला : दुपारी बदकाचे पोट, संध्याकाळी त्याची ताठ मान. आपल्याकडेही कोळशाच्या केंद्रांनी दुपारी 55 टक्के भारापर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढता यावे, असा नियम 2023 मध्ये केला गेला, तो याचसाठी. दुपारची जादा वीज संध्याकाळपर्यंत राखण्याचा जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे पाणी वर चढवून ठेवणे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॉटचा असा उदंचन प्रकल्प आहे. खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवायचे, हवे तेव्हा सोडायचे. तो उभारला तेव्हा रात्रीची फालतू वीज वापरून पाणी चढवायची कल्पना होती. आता ‘फालतू’ वीज दुपारी सापडू लागली आहे. एवढा एक बदल विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तरी या विषयाचे मर्म त्यांच्या हाती लागेल.

‘वीज साठवता येत नाही’ असे आम्हीही पूर्वी बिनदिक्कत लिहिले आहे. तेव्हा ते जवळजवळ खरे होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये हॉर्न्सडेल येथे 100 मेगावॉटची बॅटरी बसली आणि सेकंदाच्या अंशात वारंवारतेला आधार देऊ लागली, तेव्हापासून त्या वाक्याला पुस्ती जोडणे भाग आहे. मात्र हॉर्न्सडेलची साठवण तेव्हा होती 129 मेगावॉट-तास, म्हणजे पूर्ण शक्तीने सव्वा तासाची. बॅटरी क्षणाचा तोल उत्तम सांभाळते, संध्याकाळचाही काही भाग सांभाळू लागली आहे. पावसाळ्यातला ढगाळ आठवडा हे अजून वेगळेच गणित आहे. तेव्हा ‘सर, बॅटरी आहे’ या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा : किती वेळ?

एक गोष्ट अधिक अवघड आहे, पण वरच्या वर्गांत सांगण्याजोगी आहे. सौरपट्टीत फिरणारे काहीच नाही. ती इन्व्हर्टरमार्फत जाळ्याला जोडलेली असते, आणि सामान्य इन्व्हर्टर जाळ्यातली लय ऐकून तिच्यामागे चालतो. स्वतः लय धरत नाही. फिरत्या वस्तुमानाचा आधार कमी झाला की धक्क्यानंतर वारंवारता अधिक वेगाने घसरते. त्यावर उपाय आहेत. स्वतः लय धरणारे इन्व्हर्टर आहेत, बॅटऱ्या आहेत, वीज न बनवता नुसती फिरत राहणारी यंत्रे आहेत. पण ते योजावे लागतात, आपोआप येत नाहीत.

जाळे कोसळते तेव्हाच्या लेखनात तर घाई फारच दिसते. 28 एप्रिल 2025 रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. (दुपारी अंधार हा शब्दप्रयोग चुकीचा, पण रूढ आहे.) दुसऱ्याच दिवशी एका बाजूने ‘सौरऊर्जेने घात केला’ आणि दुसऱ्या बाजूने ‘सौरऊर्जेचा काही संबंध नाही’ असे निकाल लागूनही गेले. तज्ज्ञ समितीच्या अहवालातून जे दिसले ते दोहोंपेक्षा निराळे होते. विभवांतर भराभर वाढत गेले, त्यामुळे एकामागून एक केंद्रे सुटत गेली आणि ती सुटल्यामुळे विभवांतर आणखी वाढले. विभवांतर आवरण्याचे काम कोणत्या केंद्राने किती करायचे, याच्या नियमांत आणि अंमलबजावणीत उणिवा होत्या. सौर-पवन केंद्रांना तर ते काम क्षणोक्षणी करण्याची मुभाच नियमांनी दिलेली नव्हती.

आपल्या 30 आणि 31 जुलै 2012 च्या अंधाराचेही तसेच. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. सुरुवात झाली ती बिना–ग्वाल्हेर ही 400 किलोव्होल्टची वाहिनी सुटल्याने. गंमत अशी की वाहिनीवर दोष नव्हता. अतिभारामुळे रिलेला तो दोष ‘वाटला’. रिले हे स्वयंचलितच यंत्र आहे. त्याने नेमून दिल्याप्रमाणे निर्णय घेतला. मात्र वारंवारता घसरल्यावर आपोआप भार तोडायला हवी होती, ती यंत्रणा पुरेशी चालली नाही. यंत्र हुशार आहे की नाही याआधी ते नीट लावले आहे का, त्याची चाचणी होते का, हे विचारावे लागते. दुरून चालू-बंद करण्याच्या सोयीलाही दुसरी बाजू आहेच. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये घुसखोरांनी वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून उपकेंद्रे बंद केली आणि सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि स्विच हाताने चढवले, तेव्हा ती आली.

राहता राहिला मीटर. 2021 साली जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे उद्दिष्ट होते, आणि तेव्हापासून बहुतेक लोकांच्या मनात स्मार्ट ग्रिड म्हणजे हा मीटर. महाराष्ट्रात त्यावर बरेच वादळ उठले. आमच्या मते त्या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. पैसे आधी भरणे ही वसुलीची पद्धत आहे. तिच्यात विजेच्या जाळ्याच्या दृष्टीने काही हुशारी नाही. कोणत्या तासाला किती वीज वापरली हे नोंदवणे ही मात्र जाळ्याच्या कामाची गोष्ट आहे. 2023 च्या केंद्रीय नियमांनी दिवसातले आठ सौर तास ठरवून त्या वेळचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितले, शेती वगळून. कल्पना योग्य आहे. पण तिचा लाभ कोणाला? पिठाच्या गिरणीवाल्याला दळण दुपारी घेता येईल, शाळेला पाण्याचा पंप दुपारी लावता येईल. जी बाई दिवसभर कामाला जाते आणि सातला घरी येऊन दिवा, पंखा, मिक्सर लावते, तिने तास कसे बदलायचे? हा प्रश्न स्मार्ट ग्रिडच्या फलकांवर नसतो.

आणि शेती वगळली, म्हणून शेतकरी सुटला असे नाही. कृषिपंपांना आपल्याकडे वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. जाळ्याचा तोल राखण्याची किंमत रात्री बाराला बॅटरी हातात घेऊन, साप-विंचवाची भीती बाळगत दारे धरणाऱ्याने मोजली. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या वाहिन्या सौरप्रकल्पांना जोडून हे भरणे दिवसा आणण्याचा प्रयत्न आहे. तिचे मर्म मीटरमध्ये नाही, मागणी उन्हाच्या वेळेला नेऊन ठेवण्यात आहे. त्याच्याही आधी, 2005 च्या सुमारास, भारनियमनाच्या काळात अक्षय प्रकाश योजना होती. गावाने एकत्र येऊन ठरवायचे की संध्याकाळी कोणी मोटर चालवणार नाही, आणि त्या बदल्यात घरांना दिव्यांपुरती वीज चालू राहायची. कोणी चोरून मोटर लावली की सगळ्या गावाचा दिवा जायचा, म्हणून गावच एकमेकांवर नजर ठेवायचे. आज ज्याला मागणीचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच. या योजनेची प्रतिकृती आम्ही अजून एकाही प्रदर्शनात पाहिलेली नाही.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे? घरे, सौरपट्ट्या सगळे राहू द्या. मात्र मध्यभागी सायकल ठेवा, तिच्या डायनामोवर दिवे जोडा आणि पेडल मारणाऱ्यासमोर चाकाचा वेग दाखवणारा आकडा लावा. दुसऱ्या विद्यार्थ्याने मागणी अचानक वाढवावी-घटवावी, पहिल्याने आकडा एका मर्यादेत राखून दाखवावा. अक्षय प्रकाशचा करारही याच मांडणीत बसतो : मोटरीच्या जागी एक मोठा दिवा ठेवा, तो लागला की घरांचे दिवे सुटतील असे जोडा.

एक प्रयोग तर खर्चाशिवाय होतो. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकची किंवा कुंपणाबाहेर उभे राहून ऐकू येणारी रोहित्राची गुणगुण मोबाइलवर नोंदवावी आणि ध्वनीची वारंवारता दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर पाहावी. ती 100 हर्ट्झच्या आसपास दिसते, कारण प्रत्येक आवर्तनात लोखंडाचा गाभा दोनदा ताणला जातो. नोंद अर्धा-एक मिनिटाची घेतली तर 99.9 आणि 100.1 यांतला फरकही ओळखू येतो. दिवसातून चार वेळा, शाळा भरताना, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दहाला, अशी नोंद महिनाभर ठेवून कोणी वर्गाने आलेख काढला, तर तो आम्हांला जरूर पाठवावा.